फोर्सिथ, हडल्सन आणि एकच उल्का

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न म्हटलं की लोकांना कॅप्टन निमो आठवतो. माझा जीव मात्र डीन फोर्सिथ आणि डॉ. सिडनी हडल्सन या दोघांत अडकलाय. व्हर्न १९०५ मध्ये गेला. त्याच्या मुलाने, मिशेलने, बरेच फेरफार करून १९०८ मध्ये उल्केमागच्या धावपळीची ती कादंबरी छापली, तिच्यातले हे दोघे. अमेरिकेतल्या एकाच गावात राहणारे, कुठल्याही वेधशाळेची नोकरी नसलेले, स्वतःच्या घरावर दुर्बीण लावून रात्री जागणारे. दोघांना एकच उल्का दिसते. दोघेही ती आपणच आधी पाहिली म्हणून वेगवेगळ्या वेधशाळांना पत्रं धाडतात. मग भांडण, आणि एकाचा भाचा नि दुसऱ्याची मुलगी यांचं ठरलेलं लग्न अडून बसतं. पुढे ती उल्का सोन्याची निघते, पॅरिसचा झेफिरँ झिर्दाल आपल्या यंत्राने ती खाली ओढतो. तो भाग मला तेवढा भावत नाही.

मला हळहळ वाटते ती दोघांच्या नोंदवह्या कधी शेजारी ठेवल्या गेल्या नाहीत याची. उल्केसाठी दुसरा निरीक्षक हा प्रतिस्पर्धी नसतोच. एकट्याला ती किती उंचावर होती ते सांगता येत नाही. फक्त कुठल्या ताऱ्यांमधून गेली तेवढंच कळतं. दूरवर बसलेल्या दुसऱ्याला तीच उल्का वेगळ्या ताऱ्यांसमोर दिसते, आणि त्या फरकावरून उंची निघते. १७९८ मध्ये ब्रांडेस आणि बेंझेनबर्ग या ग्योटिंगेनच्या दोन विद्यार्थ्यांनी अशीच उंची मोजली. तोवर उल्का म्हणजे हवेतलाच काही प्रकार, असं मानणारे पुष्कळ होते. फोर्सिथने हडल्सनला गाडीत बसवून तीस कोस लांब पाठवायला हवं होतं!

पुण्यात हे शिकायला जागा आहे. टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवर ज्योतिर्विद्या परिसंस्था या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेची वेधशाळा आहे. संस्था १९४४ पासूनची. तिथे येणारी माणसं दिवसा बँकेत, वर्कशॉपमध्ये नाहीतर शाळेत असतात. मी विम्याच्या ऑफिसात हिशेब बघते. मिथुन रास ओळखायला मी त्याच गच्चीवर शिकले.

डिसेंबरातल्या मिथुन उल्कावर्षावाला मी भोरकडे जाते, मावसभाऊ जुन्नरकडे. शहरातला उजेड टाळायचा असतो आणि आम्हाला अंतरही हवं असतं. सकाळी फोनवर ताळा चालतो. "ताई, मृगाच्या वरून गेलेली ती पिवळट, तुझ्याकडे किती वाजता?" मी वेळ सांगते, तो आपली वही बघतो. सेकंद जुळले तर दोघांच्या ताऱ्यांच्या नकाशावर रेघा ओढायच्या. जुळले नाहीत तर ती नोंद बाजूला ठेवायची, ओढूनताणून बसवायची नाही.

आम्हाला तिसरं माणूस हवंय, म्हणजे दोघांचा हिशेब पडताळता येईल. पौडच्या पुढे, डोंगराआड कुणाची अंधारी गच्ची असेल तर कळवा. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री. घड्याळ मात्र बरोबर लावलेलं हवं.