दुसऱ्याचं लुगडं नको

साताऱ्यात राहणाऱ्या बाईच्या गळ्यात कॅमेरा आणि हाताशी सायकल दिसली की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो, "मग कासला नेहमी जात असाल?" जाते की. पण सप्टेंबरात नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं, आणि आता फुलांच्या हंगामात तिथे तेरड्यापेक्षा टोप्या जास्त दिसतात. सीतेची आसवं हे फूल नखाएवढं. त्याचा फोटो काढायचा तर पोटावर झोपावं लागतं, आणि माझ्या आधी चार जण तिथे झोपलेले असतात. मला पठार आवडतं ते मे महिन्यात. काळा पडलेला जांभा, वारा, आणि फूल औषधालासुद्धा नाही. यवतेश्वरचा घाट उन्हं तापायच्या आत चढायचा, वर बाटली तोंडाला लावायची आणि गप्प बसायचं. हे फोटो घरात दाखवले की एकच ऐकायला मिळतं, "दगडांचे कशाला काढलेस?"

माझं रोजचं मैदान मात्र घाटाच्या उलट्या बाजूला, पूर्वेकडे आहे. कृष्णानगरवरून संगम माहुली, आणि वेळ उरला तर कृष्णेचा पूल ओलांडून कोरेगाव रस्त्याला थोडं पुढे. बँकेत दहाला हजर व्हायचं, त्याआधी दोन डबे आणि आईंच्या गोळ्या, म्हणजे सकाळचा जेमतेम तास-दीड तास हाताशी. माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. काठावर विश्वेश्वराचं देऊळ, महाराणी ताराबाईंची समाधी, आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीसुद्धा समाधी आहे. पलीकडचं क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. डिसेंबरात पाण्यावर धुकं असतं आणि सूर्य समोरच्या काठामागून येतो, त्यामुळे घाटाच्या पायऱ्यांवरची माणसं नुसत्या काळ्या आकृत्या होतात. धुणं आपटणारी बाई, लोटा घेऊन उभे असलेले आजोबा, शेपटी वर केलेलं कुत्रं. चेहरा दिसत नसल्यामुळे कोणी हरकत घेत नाही आणि मलाही चोरी केल्यासारखं वाटत नाही. घाटावर दहाव्याची माणसं असली की मात्र कॅमेरा बाहेर निघत नाही. त्या दिवशी नुसतीच सायकल.

सायकल चिरंजीवांची. ते इंजिनीअरिंगला पुण्याला गेले आणि एकवीस गिअरची ही वस्तू गॅलरीत गंजत पडली, ती मी उचलली. कॅमेरा निकॉनचा डी ५६००, जुन्यातला, आणि त्याला एकच लेन्स, ३५ मिलिमीटरची. झूम नाही. जवळचा फोटो हवा असेल तर जवळ जायचं. कॅमेरा सुरुवातीला हँडलच्या पिशवीत ठेवायचे, पण आमच्याकडचे रस्ते बघता तो पाठीवर घट्ट बांधणंच बरं. धक्के आपलं शरीर पचवतं, स्क्रू पचवत नाहीत. पाठीचा घाम लागू नये म्हणून मध्ये जुना पंचा. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून जूनपासून कॅमेरा राहतो तो घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिकाच्या पुड्यांसकट. पूर्वी त्या डब्यात रवा असायचा.

आता खरं सांगायचं तर माझ्या या माहुलीच्या फोटोंना घरात मागणी शून्य आहे. मागणी असते ती वेगळ्याच फोटोंना.

मागे मुलगा आला होता तेव्हा आम्ही दोघं सायकलने लिंबची बारा मोटांची विहीर बघायला गेलो. हे मागून स्कूटरवरून थालीपिठं घेऊन आले. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी ही विहीर बांधून घेतली असं तिथला शिलालेख सांगतो. अष्टकोनी, पन्नास फूट व्यासाची, एकशे दहा फूट खोल, आणि वर चक्क छोटासा महाल. फोटोग्राफीच्या दृष्टीने ही विहीर महाखट. वर आभाळ पांढरंफटक आणि खाली गडद अंधार, दोन्ही एका फोटोत सापडत नाहीत. अंधार दिसेल असा उजेड धरला तर आभाळ करपतं, आभाळ सांभाळलं तर पाणी डांबर होतं. मी आभाळ चौकटीतूनच काढून टाकलं आणि ऊन भिंतीवर तिरकं उतरेपर्यंत पायरीवर बसून राहिले. दगडातले सिंह आणि हत्ती त्या तिरक्या उन्हात उठून आले. समाधान वाटलं. पण आमच्या फ्रिजवर चिकटलाय तो ह्यांनी मोबाईलवर काढलेला फोटो. थालीपीठ खाणारी मी, डोळे अर्धे मिटलेले, मागे विहिरीचा एक चतकोर कोपरा. "यात माणसं तरी आहेत," हे म्हणतात.

साड्यांचे फोटो हा एक स्वतंत्र विभाग आहे. नणंदेला पैठणी दाखवायची, तर ती जांभळी साडी ट्यूबलाइटखाली निळी दिसते, खिडकीत वेगळी, बल्बखाली तर वांगीच. नणंद कराडहून फोन करते, "वहिनी, निळी नको गं, जांभळी असेल तर ठेवून घे." रंगाचा भरवसा द्यायचा असेल तर गच्चीवर, ऊन थेट पडत नाही अशा सावलीत, शेजारी एक पांढरा कागद ठेवून फोटो घ्यायचा आणि मग त्या कागदाच्या पांढऱ्यावरून बाकीचे रंग जुळवायचे. हा धडा मला साडीने शिकवला, नदीने नाही. नदी निळी दिसली काय आणि राखाडी दिसली काय, तक्रार करणारं कोणी नसतं.

भाचीच्या बायोडेटाचे फोटो हे त्याहून नाजूक प्रकरण. तिला हेल्मेट घालून सायकलवर फोटो हवा होता, तिच्या आईला साडीत तुळशीजवळ. दोन्ही काढले, दोन्ही चांगले आले, आणि भाचीने आईच्या नकळत सायकलचाच पाठवून दिला. तिकडून पहिला प्रश्न आला, "मुलीची उंची कळली नाही."

आणि मग आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एका संध्याकाळी लसूण सोलताना विषय काढला. "तू एवढी गावभर फोटू काढत हिंडतीस, माझा एक काढून ठेव. भिंतीवरचा."

भिंतीवरचा म्हणजे कोणता हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हे एकदम म्हणाले, "आई, काहीतरीच काय!" आणि उठून बाहेर गेले. आई शांत. म्हणाल्या, "त्याला बोलू दे. तुमच्या सासऱ्यांचं काय झालं बघितलंस ना?"

आमच्या हॉलमध्ये सासऱ्यांचा जो फोटो आहे, तो एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून काढलेला. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा धड फोटो सापडेना. मग त्या ग्रुपमधलं डोकं तेवढं घेऊन स्टुडिओवाल्याने मोठं केलं, मागे निळं आभाळ भरलं आणि खाली आपल्याकडचा कोट-टाय जोडून दिला. सासरे एसटीत होते. जन्मभर खाकी आणि घरी सदरा-लेंगा. कोट त्यांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा घातला नव्हता. तेराव्याला आलेल्या एका पाहुण्यांनी फोटोकडे बघून विचारलं होतं, "वकील होते का?" त्या घाईच्या दिवसांत कोणाला काय बोलणार, फोटो लागला तो लागलाच.

"मला माहुलीला पोचवाल तेव्हा तुमची अशीच धावपळ होणार," आई म्हणाल्या. "माझ्या अंगावर दुसऱ्याचं लुगडं नको."

यावर काय बोलायचं असतं मला माहीत नाही. मी पुढच्या रविवारी सायकल बाहेरच काढली नाही.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी आठ-साडेआठला पडद्यातून गाळलेला उजेड बाजूने येतो आणि सुरकुत्या दाखवतो, पण ओरबाडत नाही. आईंनी स्वतःचं हिरवं नऊवारी काढलं, नथ नको म्हणाल्या, "रोज घालते का मी?" स्टुलावर बसल्या आणि कॅमेरा उचलताच ताठ झाल्या. हात मांडीवर, श्वास बंद. त्यांच्या पिढीला फोटो म्हणजे हेच. त्यातून चष्म्याच्या दोन्ही काचांमध्ये खिडकी उमटलेली, डोळे गायब. चष्मा काढा म्हटलं तर "मग मी आंधळी दिसीन." हनुवटी किंचित खाली आणि चष्म्याच्या दांड्या कानांवर पाव इंच वर, एवढं केलं की खिडकी काचेतून निघून जाते. हे शोधायला वेळ लागला, तोवर त्या कंटाळल्या. मग मी मेथीची जुडी पुढ्यात ठेवली.

मेथी निवडताना त्या पूर्ण बदलल्या. सासरे पंढरपूरच्या गाडीवर असताना आषाढीत बारा-बारा दिवस घरी येत नसत, ते सांगायला लागल्या. एकदा आले ते दाढी वाढवून, आणि धाकट्याने ओळखलंच नाही, भिकारी आला म्हणून वाटीभर पीठ आणून दिलं. हे सांगताना खळखळून हसल्या. कॅमेऱ्याचा आवाज झाला तसं म्हणाल्या, "काढलास होय मला न सांगता?"

तो फोटो मी आजवर काढलेल्या फोटोंमध्ये सगळ्यात चांगला आहे. हातात मेथीची काडी, डोळे बारीक, नाकावर घसरलेला चष्मा. मुलाला पाठवला तर त्याचा लगेच फोन आला, इतकी ती हुबेहूब आजी. दुपारी मी आईंना लॅपटॉपवर दोन्ही दाखवले, हा आणि ताठ बसलेला.

त्यांनी ताठ निवडला.

मी वाद घातला. सूनबाई म्हणून नाही, फोटो काढणारी म्हणून. म्हटलं, आई, यात तुम्ही आहात, त्यात नुसतं लुगडं बसलंय. त्या म्हणाल्या, "अगं, भिंतीवरचा फोटू आहे तो. खाली माणसं रडत बसलेली असणार आणि ही वरून हसतीय? लोक काय म्हणतील? आणि कवळी दिसतीय माझी." मुद्दा बिनतोड होता. फोटो कोणाचा, कशासाठी आणि कुठे लागणार, याचा विचार त्यांनी माझ्यापेक्षा जास्त केला होता. मी आपली उजेडाचा विचार करत बसले होते.

प्रिंट बारा बाय अठरा इंचांची केली. या कॅमेऱ्याची चौकट दोनास तीन, कागदही दोनास तीन, म्हणजे काही कापलं जात नाही. आठ बाय दहा केली असती तर वरखाली डोकं किंवा हात गेले असते. लॅबवाल्याने न विचारता फोटो उजळवून दिला. आईंनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ही कोण गोरी बाई?" तो परत नेला. रंगाला अजिबात हात लावायचा नाही असं पाकिटावर लिहून दिलं आणि दुसरी प्रिंट आणली. तिला त्यांनी मान डोलावली. गालावरचा काळा डाग आहे तसा होता.

आम्हाला वाटलं, आता हा फोटो कपाटात साड्यांखाली जाणार. आईंनी तिसऱ्या दिवशी फ्रेम करून आणली आणि ह्यांच्याकडून हॉलमध्ये खिळा ठोकून घेतला, सासऱ्यांच्या कोटाशेजारी. ह्यांनी खिळा ठोकताना तोंडातून शब्द काढला नाही, हातोडी मात्र गरजेपेक्षा जोरात मारली. मी विचारलं, आत्तापासून कशाला? तर म्हणाल्या, "मला बघायला नको का कसा दिसतोय ते?" त्यापुढे एक अट. हार घालायचा नाही, धूळ बसते.

तेव्हापासून आमच्या घरी येणारा नवा माणूस दारात थबकतो. कुरिअरचा मुलगा परवा हळू आवाजात "कधी झालं?" विचारत होता, आणि आतून आई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. समोरच्या काकूंनी तर तोंडावर सांगितलं, हे अपशकुनी आहे. आईंनी त्यांना फ्रेम जवळून दाखवली, लुगड्याचा काठ कसा स्वच्छ आलाय ते दाखवलं, आणि जाताना काकू हळूच मला विचारून गेल्या, "माझा काढशील का गं? घाई नाही."

आता आईंच्या बहिणींमध्ये बातमी पसरली आहे. वाईच्या मावशींना खुर्चीत नको, झोपाळ्यावर हवा. कोरेगावच्या मावशी म्हणतात, त्यांच्या घरात पूर्वेला खिडकीच नाही, गोठा आहे, मग गोठ्याच्या दारात चालेल का? मला तर तेच जास्त चालेल. कोरेगाव इथून वीसेक किलोमीटर, रस्ता ओळखीचा, फक्त सध्या कारखाने सुरू आहेत आणि उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना पहाटे रस्त्यावर असतात. म्हणून उजाडल्यावर निघणार आहे. मावशींना निरोप दिलाय, लुगडं स्वतःचं नेसा आणि निवडायला काहीतरी भाजी आणून ठेवा. त्यांनी उलटा निरोप पाठवलाय, भाजी कशाला, शेंगा आहेत फोडायला, आणि येताना कंदी पेढे आण.