सोळा पिल्लांचा ब्रूडर : पहिले १८ दिवस

मागच्या खेपेतली कोंबडीची तीन पिल्लं गेली, ते अजून मनात आहे. त्यांना गारठा लागू नये म्हणून मी पुठ्ठ्याचं खोकं चारही बाजूंनी बंद केलं होतं आणि रात्री वरून गोणपाट टाकत होतो. ऊब भरपूर होती. पाचव्या दिवशी सकाळी गोणपाट उचललं तर आतून डोळ्यांत झोंबणारा वास आला. पुठ्ठ्याला ओल धरली होती आणि बऱ्याच पिल्लांचे डोळे चिकटले होते. ऊब कोंडली तशी ओल आणि अमोनियाही कोंडला.

म्हणून या वेळी एकच गोष्ट धरून सगळी मांडणी केली. अख्खा ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देऊन वाढवायची जागा, तापवायचा नाही, त्यातली एक जागा तापवायची. खुडूक कोंबडी तेच करते. तिच्या पंखाखाली तेवढी ऊब असते. पिल्लू गारठलं की आत शिरतं, अंगात ऊब आली की बाहेर पळतं. कधी आत जायचं आणि कधी बाहेर यायचं, हे त्याचं त्याला कळतं.

पिल्लं यायच्या दोन दिवस आधी

पुठ्ठा बाद केला. पातळ पत्र्याची दीड फूट उंच पट्टी वळवून चार फूट व्यासाचं गोल चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण, केलं. गोल अशासाठी, की कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लामागे अर्धा चौरस फूट जागा लागते. या गोलात १६ पिल्लांना प्रत्येकी पाऊण चौरस फुटाहून थोडी जास्त जागा मिळते, त्यामुळे गार बाजू ठेवता येते.

पत्रा, फीडर, ड्रिंकर आधी साबणाच्या पाण्याने घासून धुतले, मग ब्लीचच्या पाण्याने पुसले आणि दिवसभर कडक उन्हात वाळवले. हा क्रम मोडू नका. वाळलेली विष्ठा चिकटलेली असेल तर ब्लीच तिच्या आत पोहोचत नाही, शिवाय अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतो.

खाली अडीच इंच भाताचा तूस अंथरला. एका कडेला, मध्यावर नाही, पत्र्याची टोपी असलेले ६० वॅटचे दोन साधे, तारेचे बल्ब टांगले. दोन अशासाठी, की एक उडाला तरी रात्र निभावते. एलईडी बल्बचा इथे उपयोग नाही, त्यातून पिल्लांना पुरेल अशी ऊब मिळत नाही. टेफ्लॉनचा थर असलेले न फुटणारे बल्बही पक्ष्यांजवळ नकोत, तापल्यावर त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी मरतात. बल्ब वायरीवर न टांगता साखळीवर टांगले आणि जास्तीची एक साखळी वेगळ्या हुकात अडकवली. बल्ब तुसावर पडला तर आग लागायला वेळ लागत नाही.

थर्मामीटर भिंतीवर लावला नाही. पिल्लाची पाठ असते तिथे, तुसापासून दोन इंचांवर ठेवला. एक दिवस आधीच बल्ब लावून ठेवले होते, कारण हवा लवकर तापते पण तूस तापायला वेळ लागतो आणि पिल्लू उभं असतं ते तुसावर. बल्बखाली ३५ अंश, समोरच्या कडेला २७. मला हवं होतं तसंच.

पहिला दिवस

खोक्यातून एकेक पिल्लू काढलं. प्रत्येकाचे पाय गालाला लावून पाहिले. पाय गार लागले तर ते पिल्लू आधी थेट बल्बखाली. मग चोच कोमट पाण्यात अलगद, नाकपुड्या बुडणार नाहीत इतपत टेकवली. एकाने घोट घेऊन मान वर केली की बाकीची त्याचं पाहून शिकतात. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं, पण तेवढ्या भरवशावर त्याला ताटकळत ठेवू नये. ड्रिंकरच्या कडेत गोट्या टाकल्या, म्हणजे कुणी पाण्यात पडून भिजणार नाही.

पहिले दोन दिवस तुसावर खरखरीत कागद अंथरला आणि त्यावरच स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, पसरलं. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहू शकतात.

रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येकाची गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपली. भरलेली पिशवी मऊ आणि फुगीर लागते, भिजवलेल्या पिठाच्या गोळीसारखी. १६ पैकी १४ भरलेल्या होत्या. उरलेल्या दोघांना खाद्यावर बोटाने टकटक करून दाखवलं. कोंबडी चोचीने करते तसंच. दोघंही लगेच टिपायला लागले.

दुसरी रात्र

पिल्लं कशी पसरली आहेत हे थर्मामीटरच्या आधी सांगतं. सगळी बल्बखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. चोच उघडून, पंख सैल सोडून कडेला गेली असतील तर उकडतं आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरून वाऱ्याची झुळूक येते आहे. माझी त्या रात्री उत्तरेकडे सरकलेली दिसली आणि थर्मामीटर मात्र ३५ दाखवत होता. तुसाजवळ हात धरल्यावर दाराच्या फटीतून येणारी गार हवा लागली. फटीला कापडाची गुंडाळी लावली. वरचा झरोका उघडाच ठेवला. झुळूक अडवायची, हवा नाही. अर्ध्या तासात पिल्लं पांगली आणि चिवचिवाट मंद झाला.

चौथा दिवस

दोन पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली होती. हे ओढून काढू नका, कातडी सोलली जाते. कापूस कोमट पाण्यात भिजवून मिनिटभर धरला, ती मऊ झाली, मग हळूच पुसली. पिसं कोरडी होईपर्यंत पिल्लू हातात धरून बल्बखाली बसलो. वाट तुंबून राहिली तर पिल्लू दगावतं, म्हणून पहिला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघायचंच.

सातवा दिवस

आता सगळं लक्ष तुसावर. कॉक्सीचा, म्हणजे रक्ती हगवणीचा, परजीवी विष्ठेतून बाहेर पडतो तेव्हा लगेच बाधा करत नाही. त्याला ओल, ऊब आणि हवा मिळाली की साधारण एक-दोन दिवसांत तो तयार होतो. ब्रूडरमध्ये ऊब आणि हवा आपणच देतो. काढून घेण्यासारखी फक्त ओल. नेहमीची जंतुनाशकंही त्याच्या कवचापुढे फारशी चालत नाहीत.

म्हणून ड्रिंकर तुसावरून उचलून लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीवर ठेवला. सांडलेलं पाणी जाळीखालच्या ताटात जातं, ते ताट रोज ओतून पुसतो. पाण्याची कड पिल्लाच्या पाठीइतकी उंच ठेवली, त्यामुळे ती पाण्यात तूस उडवत नाहीत. रोज सकाळी मूठभर तूस दाबून बघतो. गोळा झाला आणि तसाच राहिला तर ओल जास्त, मूठ उघडताच मोकळा झाला तर ठीक. ओला भाग काढून तिथे कोरडा घालतो, बाकीचा हाताने वरखाली करतो. वास घ्यायचा तर गुडघ्यावर बसून, नाक पिल्लांच्या उंचीवर नेऊन. उभ्याने काही कळत नाही.

आठ ते चौदा

आठव्या दिवशी बल्ब उंच करून ३२ अंशांवर आणले. दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, हाच हिशोब ठेवला आहे. पंखांवर खरी पिसं दिसायला लागली. चिक गार्ड फूटभर वाढवलं. दहाव्या रात्री वीज गेली तेव्हा गरम पाण्याच्या दोन बाटल्या कापडात गुंडाळून बल्बखालच्या जागी आडव्या ठेवल्या. पिल्लं दोन्ही बाजूंनी बाटल्यांना चिकटून बसली. दोन तास निघाले.

अठरावा दिवस

सोळाच्या सोळा आहेत. डोळे स्वच्छ, विष्ठा घट्ट. परवापासून बल्बखाली २९ अंश आहे, पण दुपारी तिथे कुणी फिरकत नाही. सगळी गार बाजूला तुसात अंग घोळतात आणि एक पाय लांब करून आडवी पडतात. काल दुपारी एक बल्ब बंद करून अर्धा तास बसून पाहिलं, एकही पिल्लू जागचं हललं नाही. रात्री मात्र अजून दोन्ही लागतात, कारण पाठीवर लवच आहे आणि ती पिसांइतकी ऊब धरत नाही. पाठ पिसांनी भरली की रात्रीचाही एक बल्ब काढून बघणार आहे. उद्या जुना तूस निम्मा काढून नवा भरायचा आहे, पोतं आजच उन्हात पसरून ठेवलंय.