तुम्ही विचारलंत म्हणून: सुपरचार्जरचा बेल्ट अजून आखूड घालू का?

नका घालू. निदान आधी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून बघितल्याशिवाय तरी नका.

मिनी कूपर एस, आर५३ पिढीची. सुपरचार्जरला, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या, बेल्टवर फिरणाऱ्या पंपाला, १५ टक्के लहान पुली, बेल्ट नवा, तरी साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, पडतो. या तक्रारीसोबत ‘अजून आखूड बेल्ट’ हे उत्तरही ठरवूनच आलेलं असतं, फक्त मी हो म्हणायचं बाकी असतं. हे उत्तर कुठून पसरलं ते मला ठाऊक आहे. कित्येक वर्षं मीच ते देत होतो.

तेव्हाचा हिशोब खोटा नव्हता, हे मी आजही सांगेन. पुली १५ टक्के लहान केली की सुपरचार्जर जवळपास १८ टक्के जोरात फिरतो. बूस्ट समजा ०.८ बारवरून १ बारवर गेला, तर त्याला फिरवायला सव्वापट टॉर्क लागतो. तो टॉर्क आता लहान त्रिज्येवर द्यायचा, म्हणून बेल्टवरची ओढ दीडपटीच्या आसपास जाते. त्यातच लहान पुलीला बेल्ट कमी लांबीवर टेकतो. मूळ बेल्ट सुमारे १३७० मिमीचा. तो तसाच ठेवला तर बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा हात स्टॉपला जाऊन टेकतो आणि स्प्रिंगचा ताण बेल्टपर्यंत पोचतच नाही. म्हणून १२ ते १५ मिमी आखूड बेल्ट हवाच. पण एकदाच. त्याहून आखूड घातलात तर हाताला हलायला जागा उरत नाही आणि गिअर बदलतानाचा प्रत्येक हिसका बेअरिंगांवर जातो.

आता ज्या गाडीने माझं हे उत्तर बदललं, त्या २००५ च्या आर५३ बद्दल. तीन बेल्ट झाले होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा आखूड. टेन्शनर नवा. तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलचा लॉग (आरपीएम आणि बूस्टची नोंद) घेतला की ५२०० पर्यंत बूस्ट चढायचा आणि मग उतरायला लागायचा. हा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर, दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलणारा. वरच्या आरपीएमला बूस्ट असा उतरला तर काहीतरी सुटतंय हे नक्की. दाबलेली हवा परत वळवणारा बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत होता. स्मोक टेस्टमध्ये, म्हणजे धूर सोडून पाहिलं तेव्हा, गळती नव्हती. म्हणजे बेल्टच घसरतोय, असं मी ठामपणे सांगितलं.

पण सुपरचार्जरची पुली चमकत नव्हती. बेल्ट घसरला की लहान पुलीच्या खाचा आरशासारख्या होतात, बेल्टच्या रिबा गुळगुळीत होतात, आजूबाजूला काळी भुकटी बसते, गाडी थांबवल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर ती पुली आयडलरपेक्षा (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या पुलीपेक्षा) बरीच गरम लागते. इथे यातलं काहीच नव्हतं. गरम होती ती क्रँकची पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी पुली.

क्रँकची पुली म्हणजे एक तुकडा नाही. आतला हब, बाहेरची रिंग, आणि दोन्हींना धरून ठेवणारं रबर. हबपासून रबर ओलांडून रिंगपर्यंत पांढरी रेघ मारली, डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) गाडी एकदा कसून ओढली, इंजिन बंद करून पाहिलं. रेघ तुटली होती. हबवरची रेघ एकीकडे, रिंगवरची पाव फेरा दूर. बेल्ट घसरतच नव्हता, रिंग घसरत होती. आणि बेल्ट जितका घट्ट बसवू तितकं सगळं ओझं त्या म्हाताऱ्या रबरावर. मी सांगितलेला उपाय दुखणं वाढवत होता.

लॉगमध्ये दोन्ही घसरणी सारख्याच दिसतात, हे माझ्या बाजूने म्हणता येईल. पण पुली चमकत नाही हे पहिल्याच फोटोत दिसत होतं आणि मी ते पाहिलं नाही, हेही तितकंच खरं.

तर आधी रेघ. उजव्या पुढच्या चाकाचं लायनर (चाकामागचं आवरण) काढलं की क्रँकची पुली दिसते. रिंग डगमगते का, बेल्टची कड कुरतडली आहे का, तेही तेव्हाच बघा. काम झाल्यावर लायनर परत बसवा. ते नसलं तर पावसात चाक सरळ बेल्टवर पाणी मारतं. रेघ जागेवर असेल तर टेन्शनरचा डॅम्पर तेल गाळतो का ते तपासा, सरळ पट्टी धरून पुल्या एका ओळीत आहेत का बघा, आणि क्रँकच्या पुढच्या सीलमधून तेल येत असेल तर ते थांबवल्याशिवाय नवा बेल्ट बसवू नका. पुली ब्रेक क्लीनरने पुसा. बेल्टवर मात्र चिकट स्प्रे मारू नका; दोन दिवस आवाज थांबतो, मग त्यात धूळ बसते आणि बेल्ट आणखी घसरतो.

रबर नसलेली, एकसंध पुली लावू का, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. ती सुटणार नाही, हे खरं. पण ते रबर क्रँकचे पिळाचे कंप गिळायला आहे, शोभेला नाही. रस्त्यावरच्या गाडीला मी नवी रबरवालीच लावायला सांगतो. १७ टक्के लहान पुली लावून ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला काय सांगावं, यावर माझं मत दोनदा बदललंय आणि अजून बसलेलं नाही.