चोखणी, अंगठा आणि फ्रांकफुर्टमधली आमची दोन बाळे

माझ्या मोठ्या मुलाच्या जन्माआधी दोन आठवडे आई साताऱ्याहून फ्रांकफुर्टला आली, तेव्हा तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, वेखंड, बाळगुटीची पुडी आणि ती उगाळायला छोटी सहाण असा सगळा बाळंतविडा होता. चोखणी मात्र त्यात नव्हती, आणि ती या घरात येऊ नये असे तिचे ठाम मत होते. चोखणीने बाळाचे अंगावरचे दूध तुटते, पोटात वारा धरतो आणि पुढे दात बाहेर येतात, ही तिची तीन कारणे मी लहानपणापासून ऐकत आले होते. इथे मात्र औषधे आणि साबण विकणाऱ्या साध्या दुकानातही चोखण्यांनी भरलेली एक अख्खी भिंत असते, त्यांवर शून्य ते सहा महिने, सहा ते अठरा महिने असे वयाप्रमाणे आकार छापलेले असतात, आणि बाबागाडीतल्या बाळाच्या तोंडात 'श्नुलर' दिसला नाही तरच लोकांना थोडे आश्चर्य वाटते.

जर्मनीत बाळंतपणानंतर प्रशिक्षित सुईण घरी येते. तिला 'हेबामे' म्हणतात, आणि बाळ बारा आठवड्यांचे होईपर्यंतच्या तिच्या भेटींचा खर्च सरकारी आरोग्य विमा देतो. परदेशात बाळंत होणाऱ्या आपल्याकडच्या मुलींनी या सोयीचा लाभ घ्यावा असे मी प्रत्येकीला आवर्जून सांगते, कारण चोखणीविषयी मला जे काही नीट समजले, ते दुकानातल्या वेष्टनावरून नव्हे, तर या बाईंकडून समजले. बाळ घरी आल्यावर चौथ्या रात्री तो दूध पिऊन पुन्हा रडत राहिला, आम्ही तिघेही रात्रभर त्याला फिरवत राहिलो आणि माझे दूध पुरत नाही अशी माझी खात्री झाली. सकाळी हेबामे आली, तिने बाळाचे वजन केले, दिवसात किती लंगोट ओले होतात ते विचारले, मग हात धुऊन आपली करंगळी त्याच्या तोंडात दिली, आणि तो काही क्षणांत शांत झाला. दूध पुरते आहे, वजन वाढते आहे, असे सांगून ती म्हणाली की पोटाची भूक आणि चोखण्याची भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि काही बाळांची दुसरी भूक पहिलीपेक्षा मोठी असते.

ही दुसरी भूक बाळ पोटातूनच घेऊन येते. सोनोग्राफीत गर्भ अंगठा चोखताना दिसतो, आणि चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. म्हणूनच त्याआधी जन्मलेल्या आणि नळीने दूध घेणाऱ्या बाळांना अतिदक्षता विभागात मुद्दाम छोटी चोखणी देतात. चोखण्याच्या सरावाने ती तोंडाने दूध पिण्याकडे लवकर वळतात आणि रुग्णालयातून लवकर घरी जाऊ शकतात. चोखणी ही आळशी आईची सोय आहे, असा जो सूर आपल्याकडे अनेकदा ऐकू येतो, तो हे जाणून घेतल्यावर मला फार कठोर वाटू लागला.

मात्र हेबामेने त्या दिवशी चोखणी देऊ दिली नाही, आणि इथे आईचे पहिले कारण खरे ठरले. स्तनपान करताना बाळाला तोंड मोठे उघडून स्तनाचा बराचसा भाग आत घ्यावा लागतो आणि जिभेने लाटेसारखा दाब द्यावा लागतो, तर रबराच्या बोंडाला ओठांच्या टोकाने धरले तरी भागते. शिवाय आईचे दूध मागणीनुसार वाढते, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत रबराला दिलेले चोखणे हे स्तनाला न मिळालेले चोखणे असते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली स्तनपानासाठी ज्या दहा पायऱ्या सांगितल्या, त्यांत स्तनपान करणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नये असे स्पष्ट म्हटले होते. २०१८ साली ती पायरी बदलून, बाटली आणि चोखणीचा वापर व धोके यांविषयी आईला समजावून सांगावे, अशी केली गेली. बंदीकडून समजावण्याकडे झालेला हा बदल मला योग्य वाटतो, कारण आमच्या बाबतीतही 'नको' या शब्दापेक्षा 'अजून नको, चार आठवडे थांबा' हे वाक्य अधिक उपयोगी पडले.

पाचव्या आठवड्यात दूध व्यवस्थित सुरू झाल्यावर आम्ही झोपताना चोखणी देऊ लागलो. त्यामागे केवळ आमची झोप हे कारण नव्हते. बाळ झोपेत अचानक दगावण्याच्या दुर्दैवी घटना चोखणी घेऊन झोपणाऱ्या बाळांत कमी आढळतात, असे अनेक अभ्यासांतून दिसल्यावर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००५ साली झोपेच्या वेळी चोखणी देण्याचा विचार करावा अशी शिफारस केली आणि ती आजही कायम आहे. हे नेमके का घडते याचा एकच सर्वमान्य खुलासा नाही, पण बाळाला उताणे झोपवणे, त्याच्या अंथरुणात उशी व जाड पांघरुणे न ठेवणे आणि त्याच्याजवळ कोणीही धूम्रपान न करणे या अधिक महत्त्वाच्या नियमांच्या जोडीला चोखणीचीही गणना होते. बाळ झोपल्यावर चोखणी गळून पडली तर ती पुन्हा तोंडात घालण्याची गरज नसते, हे मला आईला दोन-तीनदा सांगावे लागले, कारण तोपर्यंत तीच अंधारात चाचपडत चोखणी शोधू लागली होती.

एका गोष्टीवर मात्र आमचा खरा वाद झाला, आणि तो मी सविस्तर सांगते, कारण तो अनेक घरांत होत असणार. चोखणी द्यायचीच असेल तर ती मधात बुडवून द्यावी, असे आईने सुचवले. आपल्याकडे जन्मल्यावर बाळाला सोन्याने मध चाटवण्याची प्रथा आहे, त्यामुळे यात काही वावगे आहे असे तिला वाटण्याचे कारणच नव्हते. युरोपातही पूर्वी रबराची चोखणी नव्हती तेव्हा फडक्याच्या पुरचुंडीत गोड पदार्थ बांधून तो बाळाच्या तोंडात देत असत. बर्लिनच्या चित्रसंग्रहालयात आल्ब्रेख्त ड्यूररने १५०६ साली रंगवलेले मेरी आणि बाल येशूचे एक चित्र आहे, त्यात बाळाच्या हातात अशी पुरचुंडी दिसते. परंतु मधात एका जिवाणूची बीजे असू शकतात आणि एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ती रुजून असे विष तयार करतात की बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वासही थांबू शकतो. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर जीवघेणा असतो. मध कितीही शुद्ध असला किंवा घरच्या पोळ्यातला असला तरी हा धोका जात नाही. आईने हे ऐकून घेतले आणि मधाची बाटली माझ्या चहासाठी ठेवून दिली, याबद्दल मला तिचे अजूनही कौतुक वाटते. साखर किंवा गूळ लावण्याने तो धोका नसला तरी येणारे दात किडतात, त्यामुळे चोखणी कोरडी आणि स्वच्छ हवी, एवढाच नियम आम्ही ठेवला.

दुसरी गोष्ट दोऱ्याची. गावाकडे बाळाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात किंवा नाडीत चोखणी बांधलेली मी पाहिली आहे, आणि त्यामागे ती मातीत पडू नये हीच काळजी असते. इथल्या युरोपीय मानकानुसार चोखणी अडकवण्याची पट्टी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब असू शकत नाही, म्हणजे ती बाळाच्या मानेभोवती गुंडाळली जाऊ नये, आणि तीही कपड्याला चिमट्याने लावतात, गळ्यात कधीही नाही. चोखणीच्या चकतीला हवेसाठी छिद्रे असावी लागतात, कारण चकती चुकून तोंडात गेलीच तर श्वास चालू राहावा. साताऱ्यात किंवा पुण्यात चोखणी घेताना कोणी माझे ऐकणार असेल तर ही छिद्रे पाहावीत आणि गळ्यातला दोरा आजच काढून टाकावा, इतकीच माझी विनंती आहे.

दातांच्या बाबतीत जर्मनीने बराच विचार केलेला आहे. जबड्याला अनुरूप म्हणून विकली जाणारी, एका बाजूने चपटी असलेली चोखणी १९५६ साली याच देशात बाजारात आली, आणि ती दोन दंतवैद्यांच्या कल्पनेतून घडली होती. तरीही आमच्या दंतवैद्य बाईंचे म्हणणे असे की आकारापेक्षा काळ महत्त्वाचा असतो. दिवसरात्र आणि वर्षानुवर्षे काहीही चोखले तर मागचे दात मिटूनही पुढचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत आणि मध्ये फट राहते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास सवय सुटली तर ही फट बहुधा आपोआप भरून येते. सहा महिन्यांनंतर सतत चोखणी घेणाऱ्या मुलांत कानाचे संसर्गही अधिक होतात, म्हणून आम्ही त्या वयापासून ती फक्त झोपेपुरती ठेवली.

ती सोडवण्याची इथली पद्धत मला मनापासून आवडली. जर्मनीत अनेक गावांतल्या बागांत 'श्नुलरबाउम', म्हणजे चोखण्यांचे झाड असते. ही प्रथा डेन्मार्ककडून आली आणि कोपनहेगनच्या फ्रेडरिक्सबर्ग बागेतले असे झाड प्रसिद्ध आहे. मूल मोठे झाले की ते स्वतःच्या हाताने आपली चोखणी फांदीला बांधून निरोप घेते. तिसऱ्या वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी आमच्या मुलाने आपल्या तीन चोखण्या हिरव्या रिबिनीने बांधल्या, कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहिले आणि 'त्यांना थंडी वाजेल का' असे विचारले. नंतरच्या तीन रात्री तो खूप रडला आणि मीही त्याच्याबरोबर रडले. चौथ्या रात्री तो माझा हात धरून झोपला.

या अनुभवावर मी दुसऱ्या बाळासाठी सगळे आखून ठेवले होते, पण मुलीने पाचव्या आठवड्यात चोखणी जिभेने बाहेर ढकलली आणि तिसऱ्या महिन्यात आपला उजवा अंगठा शोधून काढला. अंगठ्याचे गुण मोठे आहेत. तो अंधारात हरवत नाही, आणि बाळ स्वतःच्या इच्छेने तो घेते व सोडते. दोष एकच आहे, तो झाडाला बांधता येत नाही.

आईने व्हिडिओ कॉलवर तो अंगठा पाहिला आणि कडुनिंबाचा रस लावायला सांगितले. मला तो रस ठाऊक आहे. मी साडेपाच वर्षांची होईपर्यंत अंगठा चोखत असे, आणि बालवाडीत एकदा सर्व मुलांसमोर माझा रस लावलेला अंगठा वर धरून दाखवला गेला होता. कडू चव मी विसरले आहे, पण तो वर धरलेला हात विसरलेले नाही. विशेष म्हणजे ज्या शहरात मी राहते, त्याच फ्रांकफुर्टमधल्या हाइनरिश होफमान या डॉक्टरांनी १८४५ साली छापलेल्या 'श्ट्रुव्हेलपेटर' या बालपुस्तकात अंगठा चोखणाऱ्या कोनराडचे दोन्ही अंगठे शिंपी मोठ्या कात्रीने कापतो. जर्मन मुलांच्या कित्येक पिढ्या त्या चित्राला घाबरत वाढल्या. आज इथल्या एकाही बालरोगतज्ज्ञाने मला भीती दाखवायला सांगितलेले नाही. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान अंगठा आपोआप सोडतात, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास पुढचे पक्के दात येण्याआधी तो सुटला म्हणजे झाले, असेच सगळे सांगतात. न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन इथे जन्मापासून पाहणी केलेल्या मुलांत अंगठा चोखणाऱ्यांना आणि नखे खाणाऱ्यांना तेराव्या वर्षी त्वचेच्या चाचणीत ॲलर्जी कमी आढळली, दम्यात मात्र फरक दिसला नाही. यावरून कोणी मुलाला अंगठा चोखायला शिकवू नये, पण ही सवय म्हणजे एखादा रोग नव्हे, हे त्यातून नक्की कळते.

म्हणून कोणी मला अंगठा की चोखणी असे विचारले, तर दूध स्थिरावल्यावर पहिल्या वर्षी झोपेसाठी चोखणी मला अधिक पटते, कारण ती केव्हा काढायची हे आईवडिलांच्या हातात राहते. ज्या बाळाने अंगठा निवडला आहे त्याच्या हातातून तो ओढून काढणे मात्र मला मान्य नाही.

मुलगी आता चार वर्षांची आहे. अंगठा दिवसा सुटला आहे आणि तो फक्त झोपताना तोंडात जातो. सकाळी तिने स्वतः येऊन 'आज नव्हता' असे सांगितले, तर ती भिंतीवरच्या कागदावर एक चांदणी लावते, आणि नसेल सांगितले तर आम्ही विचारत नाही. मागच्या आठवड्यात आईने फोनवर तिला विचारले की चांदण्या किती झाल्या. तिने अकरा असे सांगितले, आणि आईने कडुनिंबाचे नाव काढले नाही.