चार क्रियापदं

शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहा असा मेसेज बॅचच्या ग्रुपवर आला आणि बाकीच्यांनी लगेच स्पोर्ट्स डे, गॅदरिंग, सहल असे विषय वाटून घेतले. मला मात्र एकच तास आठवत राहिला, पस्तीस-चाळीस मिनिटांचा, म्हणून त्याच्यावरच लिहितोय.

आपल्या मराठीच्या बाई आठवड्यातून एकदा बायबलचाही तास घ्यायच्या. ज्याला बसायचंय त्याने बसायचं, सक्ती अजिबात नव्हती. मी ख्रिस्ती घरातला, संडे स्कूलमध्ये पाठांतराची बक्षिसं घेतलेला, बायबलमधलं योहान ३:१६ हे वचन झोपेतून उठवून विचारलं तरी धडाधडा म्हणून दाखवणारा, त्यामुळे या तासाला आपल्याला नवीन काही कळणार नाही अशी माझी पक्की समजूत होती. त्या दिवशी बाईंनी विचारलं, ख्रिस्ती विश्वासाचा गाभा काय ते एका वाक्यात सांगा. आम्ही हात वर करकरून सांगितलं: शेजाऱ्यावर प्रीती करा, दहा आज्ञा पाळा, क्षमा करा, गरिबांना मदत करा, प्रार्थना करा. बाईंनी सगळं बोर्डवर लिहिलं, कुणाचंच खोडलं नाही. मग म्हणाल्या, "हे सगळं बरोबर आहे रे बाळांनो. पण यात शुभवर्तमान कुठंय?"

आम्ही गप्प.

मग त्यांनी तो शब्दच फोडला. शुभ आणि वर्तमान. वर्तमानपत्रात काय असतं? बातम्या. बातमी म्हणजे काय, तर घडून गेलेली गोष्ट. मूळ ग्रीक शब्द एव्हान्गेलिऑन, त्याचाही अर्थ चांगली बातमी, लढाई जिंकल्याची खबर घेऊन कुणी नगरात यायचा तेव्हा हा शब्द वापरायचे. आता बोर्डवर बघा, म्हणाल्या, सगळी वाक्यं आज्ञार्थी आहेत. करा, पाळा, द्या. बातमी कधी आज्ञार्थी असते का?

मग बायबलमधलं १ करिंथ १५ उघडायला लावलं, म्हणजे पौल या ख्रिस्ताच्या प्रेषिताने करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, तिसऱ्या वचनापासून, आणि वहीत उतरवून क्रियापदांखाली रेघ मारा म्हणाल्या, अगदी व्याकरणाच्या तासासारखं. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला. पुरला गेला. तिसऱ्या दिवशी उठवला गेला. दिसला. चार क्रियापदं. कर्ता शोधा. पहिल्यात ख्रिस्त. 'उठवला गेला' यात कर्ता लपलाय पण आहे, देव. "आता यात तुम्ही कुठं आहात ते शोधा." आम्ही सगळीकडे शोधलं. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, 'आपल्या पापांसाठी' यातलं 'आपल्या', तिथे आहोत बाई. बाई काही क्षण बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "बरोबर. आपण फक्त पाप आणलं. बाकी सगळं त्याने केलं."

तेव्हा मला हे समजलं असं म्हणणं खोटं ठरेल. रेघा मात्र मारल्या, लाल पेनने.

पुढे मोठेपणी मी तो अध्याय नीट वाचला तेव्हा कळलं की बाईंनी तोच उतारा का निवडला. पौलाने हे पत्र इ.स. ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिलं, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेला पंचवीसच्या आसपास वर्षं झालेली, आणि त्यात तो म्हणतो की हे माझं नाही, मला मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. म्हणजे त्याच्याही आधीपासून हे शब्द विश्वासणाऱ्यांच्या तोंडी होते. पुढे तो साक्षीदारांची नावंच सांगतो, केफा म्हणजे येशूचा शिष्य पेत्र, मग बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून जास्त भाऊ, आणि त्यातले बरेचसे अजून जिवंत आहेत असंही सांगतो, म्हणजे ज्याला विचारायचंय त्याने जाऊन विचारावं. उपदेश करणाऱ्याला साक्षीदार लागत नाहीत, बातमी सांगणाऱ्याला लागतात. आणि बातमी बनवायचीच असती तर त्या काळात कुणी अशी बनवली नसती, कारण ज्याला तारणारा म्हणायचं त्याला रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमाने, गुलामांना आणि बंडखोरांना देतात ती शिक्षा झालेली, आणि रिकामी कबर आधी बघितली कुणी तर स्त्रियांनी, ज्यांचा शब्द तेव्हा फारसा धरला जात नसे. येशूचं चरित्र लिहिणारा लूक तर सरळ लिहितो की प्रेषितांनाही, म्हणजे येशूच्या जवळच्या शिष्यांनाही, त्यांचं बोलणं वायफळ वाटलं. मला हे वाक्य फार जवळचं वाटतं, कारण विश्वास ठेवणारे पहिले लोकही चटकन विश्वास ठेवणारे नव्हते.

आता माझी गोष्ट. नववीत असताना लॅबमध्ये माझ्या हातून ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायची तोटीवाली काचेची नळी, फुटली. स्टॅंडला नीट न अडकवता मी वळलो आणि ती घसरली, नळाची तोटी सिंकमध्ये गेली आणि बाकी काचा माझ्या बुटाशी. चौकशी झाली तेव्हा मी माझ्या पार्टनरचं नाव सांगितलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काहीच बोलला नाही. भरपाई त्याच्या घरून आली, आठवडाभर लॅबबाहेर तो उभा राहिला. मी रोज त्याच्या समोरून आत जायचो.

अकरा वर्षं ते माझ्या मनात होतं. तोपर्यंत मी प्रार्थना करत होतो, चर्चमध्ये शिकवत होतो, भरपाई म्हणून कितीतरी चांगल्या गोष्टी करत होतो आणि त्यातली एकही पुरी पडत नव्हती. एका रात्री त्याचा नंबर मिळवून फोन केला आणि सगळं सांगितलं. तो पलीकडे थोडा वेळ शांत होता, मग म्हणाला, "अरे, मी ते त्याच वर्षी सोडून दिलं होतं. तुला कुणी सांगितलं नाही का?"

फोन ठेवल्यावर मी जुनी वही काढली. अकरा वर्षं मी ज्यासाठी धडपडत होतो ते आधीच झालेलं होतं, किंमत दुसऱ्याने भरलेली होती, फक्त बातमी माझ्यापर्यंत आली नव्हती. त्या रात्री 'मेला' या शब्दाखालची लाल रेघ मला पहिल्यांदा वाचता आली. तुलना पुरती जुळत नाही हे मला माहीत आहे, कारण माझ्या मित्रावर ती शिक्षा मी लादली होती आणि येशू योहानाच्या शुभवर्तमानात म्हणतो की माझा प्राण माझ्यापासून कुणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. हा फरक लहान नाही, सगळं त्याच्यावरच उभं आहे.

यावर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, मग काय, कसंही वागलं तरी चालतं? मी जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराकडे बोट दाखवतो. लूकाच्या शुभवर्तमानाचा १९वा अध्याय. येशू आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय, आणि त्यानंतर तो जकातदार उभा राहून म्हणतो की अन्यायाने घेतलेलं चौपट परत करतो. चौपट परत केल्यावर येशू घरी आला असं नाही झालं. बदल येतोच, पण मागून येतो. आणि येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या गुन्हेगाराकडे तर परत करायलाही काही नव्हतं, हात खिळलेले, वेळ संपलेली, फक्त 'माझी आठवण कर' एवढंच म्हणाला.

सांगण्याच्या बाबतीत मी बरीच वर्षं चुकलो हे इथे लिहायलाच हवं. एका सहकाऱ्याने जेवताना सहज विचारलं की तुम्ही लोक नक्की मानता काय, आणि मी बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरू केलं. पाऊण तास. त्याला कोणत्या गोष्टीने हा प्रश्न पडलाय हे मी विचारलंसुद्धा नाही. पुढे कळलं की त्याच आठवड्यात त्याच्या घरात मोठं भांडण झालं होतं आणि तो रात्र रात्र जागा होता. त्याने परत कधी तो विषय काढला नाही. पेत्राच्या पत्रात लिहिलंय की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने, आणि मी 'उत्तर द्या' एवढंच पाठ केलं होतं. भीती घालून, आमिष दाखवून, वाद जिंकून ही बातमी पोचत नाही असं माझं ठाम मत झालंय, कारण तसं केलं की ती परत आज्ञार्थी होते. बायबलमधली शोमरोनी बाई विहिरीवर येशूशी बोलली, मग घागर तिथेच टाकून गावात पळाली आणि म्हणाली, चला, बघा तरी, हाच ख्रिस्त असेल का? तिने प्रश्न विचारून सोडून दिलं, गावकरी स्वतः चालत आले.

आता मी आधी ऐकतो. मग विचारलं तर ती चार क्रियापदं सांगतो आणि ब्युरेटची गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या डोळ्यांसमोरची आहे. मागच्या वर्षी एकाने ऐकून विचारलं, म्हणजे आधी चांगलं व्हावं लागत नाही? मी नाही म्हणालो. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. पुढे काही झालं नाही, आम्ही अजून भेटतो, गप्पा मारतो, कधी तो पुन्हा विचारतो.

काही वर्षांपूर्वी बाईंना भेटायला गेलो होतो. दृष्टी कमी झालेली, आवाजावरून ओळखलं. मी त्या तासाची आठवण सांगितली तर म्हणाल्या, क्रियापदं किती होती? मी चार सांगितली. "आणि त्याच्या आधीचं? मिळालं ते दिलं, त्यातलं 'दिलं'?" मी म्हटलं, ते तर पौलाचं, त्याच्याखाली आपण रेघ मारली नव्हती. "मग मार की," म्हणाल्या, आणि चाचपडत टेबलावरचं पेन शोधून माझ्या हातात दिलं.

वही बॅगेत होती. ते पेन निळं होतं, त्यामुळे त्या पानावर एक रेघ वेगळ्या रंगाची आहे. महोत्सवाला येताना वही घेऊन येतोय, ज्यांना बघायची असेल त्यांनी मागा.