बागेतला खुंट आणि पाच नवे टायर

मार्चचा दुसरा आठवडा होता. काजूचे बोंडू गळायला लागले होते आणि बाबांना रविवारी सकाळी सातच्या आत बागेत पोचायचे होते. गोव्यात वाळपईच्या पुढे, ठाणे नावाच्या गावाच्या बाजूला डोंगरउतारावर आमची काजूची बाग आहे. डांबरी रस्ता सुटला की शेवटचे तीन किलोमीटर कच्ची वाट. आधी जांभ्याचे कातळ, मग खडी, मग दोन्ही बाजूंनी झाडोरा. बोलेरो दुसऱ्या गिअरमध्ये होती, वेग जेमतेम पंधराचा. डाव्या बाजूने फस्स असा लांबलचक आवाज आला. बाबा म्हणाले, "थांब, चाक गेलं."

उतरून पाहिले तर मागच्या डाव्या टायरच्या बाजूला बोटभर चीर पडलेली. दगडाने नव्हे. बाग झाडताना कुड्याचे एक झुडूप कोयत्याने तिरके तोडले होते. त्याचा वीतभर खुंट भाल्यासारखा उभा राहून वाळला होता. रस्त्याला टेकणारी टायरची नक्षी अजून चांगली होती. खुंट घुसला तो बाजूच्या पातळ भागात. इतकी वर्षे गाडी चालवते आहे, पण टायर म्हटले की मी फक्त नक्षी पाहत आले. त्याची बाजू किती जाड, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

स्टेपनी लावली. वाळपईला पंक्चर काढणाऱ्या दादांनी फाटलेला टायर हातात फिरवून तसाच खाली ठेवला. नक्षीत खिळा गेला तर आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचे रबरी ठिगळ बसते आणि टायर पुढे वर्षानुवर्षे चालतो. बाजूला मात्र पॅच टिकत नाही, कारण चाक फिरताना तो भाग सतत दुमडत आणि उलगडत असतो. मग त्यांनी स्टेपनीवरचा लंबगोलातला चार आकडी क्रमांक दाखवला: १४१६. म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. त्या दिवसापर्यंत एकदाही रस्त्याला न लागलेला तो टायर बाजूने बारीक तडकला होता. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. बहुतेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यायला सांगतात आणि दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात. त्या स्टेपनीवर वाळपई ते डिचोली हा रस्ता मी चाळिसाच्या वर न जाता कापला. बाबा पूर्ण वेळ खिडकीतून बाहेर बघत होते, एक शब्द बोलले नाहीत.

घरी आल्यावर वही घेऊन बसले. डिचोली ते पणजी, जाऊन-येऊन साधारण साठ किलोमीटर, महिन्याचे तेवीस दिवस. म्हणजे १,३८० किलोमीटर डांबरावर. बागेच्या चार फेऱ्यांतली कच्ची वाट जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर. बागेपर्यंतचा डांबरी रस्ता धरला तर कच्च्या वाटेचा वाटा शंभरात दोन किलोमीटरही भरत नाही. पण टायर फाटला तो त्याच दोनांत. रोजचा रस्ता एक मागतो आणि बाग दुसरेच. दोघांना पुरेल असा टायर कुठला, हे कळल्याशिवाय दुकानात पाय ठेवायचा नाही असे ठरवले.

उरलेल्या तीन टायरांना एक उसना टायर जोडून एप्रिल काढला आणि मेच्या पहिल्या शनिवारी कुळे गाठले. दूधसागरला जाणाऱ्या जीप तिथून सुटतात. भगवान महावीर अभयारण्यातली ती वाट खाजगी गाड्यांना बंद आहे, परवान्याच्या जीपच आत जातात. त्या चालकांइतका टायरचा अनुभव गोव्यात दुसऱ्या कोणाकडे असेल? सांखळी, होंडा करत उसगावला निघाले. होंड्याच्या आसपास खाणपट्टा आहे, रस्त्याच्या कडेला लाल बारीक खडी पसरलेली असते. उसगावला एमआरएफचा कारखाना लागतो. ज्या गोव्यात मी टायर शोधत हिंडत होते तिथेच ते बनतातही, याचे त्या दिवशी पहिल्यांदा अप्रूप वाटले. पुढे धारबांदोडा, मोले आणि मग उजवीकडे कुळे.

हंगाम संपत आला होता, त्यामुळे रांगेतल्या चालकांना बोलायला सवड होती. एका वयस्क चालकाला मी माझी अडचण सांगितली. तो गाडीखालून निघाला, हात पुसले आणि आपल्या जीपचा टायर दाखवू लागला. त्याच्या वाटेवर नदीचे पाणी ओलांडावे लागते. पाण्यातले धोंडे गोल, गुळगुळीत. ते टायर कापत नाहीत, घसरवतात. कापतो तो वाटेवर उघडा पडलेला धारदार दगड. नक्षीच्या ठोकळ्यांचे कोपरे त्याने उडालेले मी बोट फिरवून पाहिले. मग त्याने टायरचा खांदा दाखवला, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तो भाग. तिथे नक्षीचे ठोकळे बाजूवर खाली उतरले होते. "बाय, मार इथे लागतो," तो म्हणाला. "वरून टायर कसा दिसतो ते नको बघू. गाडीच्या बाजूला बस आणि इथे बघ." पणजीला रोज जातेस तर चिखलाचा टायर घेऊ नकोस, हेही त्यानेच बजावले.

परतताना तांबडी सुर्लला वळले. मोलेहून आत जाणारा तो रस्ता दाट झाडीतून जातो, शेवटी ओढ्याकाठी कदंबकाळातले महादेवाचे देऊळ. आजूबाजूची सगळी जमीन जांभ्याची, तांबडी, आणि देऊळ काळ्या बेसॉल्टचे. हा दगड इथला नाही, घाटावरचा. इतक्या जड शिळा घाट उतरवून कोणी आणि कशा आणल्या असतील या विचारात मी पायरीवर बराच वेळ बसले. ओढ्याला पाणी थोडे होते. कोणीतरी आजी देवळासमोर पानाफुलांची टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडून अबोलीचा गजरा घेतला.

आता दुकान. फोंड्यातल्या एका मोठ्या दुकानात गेले तर दुकानदाराने पहिल्यांदा रुंद, खोल नक्षीचा चिखलाचा टायर पुढे केला, तोही २३५/७५ आर १५ मापाचा. माझ्या गाडीचे माप २१५/७५ आर १५. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या बाजूची उंची, आर म्हणजे रेडियल आणि शेवटी रिमचे इंच. तिथेच कागदावर गणित मांडले. माझ्या टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर, त्यांच्या टायरचा ७३३.५. सव्वाचार टक्क्यांचा फरक. म्हणजे काटा साठ दाखवील तेव्हा गाडी बासष्टच्या वर असेल. शिवाय जास्त वजन, जास्त डिझेल आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की आत घासण्याची भीती. गाडी उंच दिसते हे खरे; मला त्याची गरज नव्हती.

चिखलाच्या टायरला मी नाही म्हटले ते पावसामुळे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. माझे खरे जोखमीचे रस्ते म्हणजे ओले डांबर. चिखलाच्या टायरचे ठोकळे मोठे आणि एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे चिखल त्यांतून सुटून पडतो. पण डांबराला टेकणारे रबर कमी, आणि ओल्या रस्त्याला धरून ठेवणाऱ्या बारीक चिराही कमी. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. पणजीच्या वाटेवर पुढची दुचाकी अचानक थांबली तर मला चिखलातली ताकद उपयोगाची नाही. वाळूसाठी टायर शोधणारेही पुष्कळ भेटतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी न्यायला मनाई आहे आणि ती असायलाच हवी, तेव्हा तो विचार मी केलाच नाही.

नुसता रस्त्याचा, ज्याला एचटी म्हणतात तो टायर शांत चालतो, डिझेल वाचवतो; पण बाग त्याला पुन्हा फाडणार. उरला मधला एटी, म्हणजे सर्व वाटांचा. त्यातही दोन टायर समोर ठेवून मी जमिनीवर बसले आणि कुळ्याच्या चालकाने सांगितले तसे बाजूला बघितले. बाजूवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते: साइडवॉलमध्ये पॉलिएस्टरचे किती थर, नक्षीखाली पोलाद आणि नायलॉनचे किती. एकाला बाजूला एक थर होता, दुसऱ्याला दोन. दोन थरांचा घेतला. भारांक १००, म्हणजे एका टायरवर ८०० किलो. काजूची पोती भरल्यावर हा आकडा महत्त्वाचा. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच नावाच्या टायरमध्ये मापाप्रमाणे थर बदलतात. आपल्या मापाच्या टायरची बाजू स्वतः वाचावी.

तारखेवरून थोडी बोलाचाली झाली. आधी काढलेले टायर दीड वर्षापूर्वीचे निघाले. मी थांबायला तयार आहे म्हटल्यावर चार दिवसांनी तीन महिन्यांपूर्वीचे आले. पाच घेतले, स्टेपनीसकट. आता दर आठ हजार किलोमीटरला पाचही आळीपाळीने फिरवते, म्हणजे सगळे सारखे झिजतील आणि स्टेपनी डिकीत नुसती म्हातारी होणार नाही.

जूनच्या दुसऱ्या रविवारी, पाऊस लागून आठवडा झाल्यावर, बाबांना घेऊन चोर्ला घाटात गेले. सांखळी, पर्ये, केरी. अंजुणे धरणाजवळ ढग इतके खाली आले होते की दिवे लावावे लागले. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल वर येते, तेव्हा घाट सर्वांत निसरडा असतो. ते दिवस मी टाळले होते. वळणांवर कुजलेली पाने, कडेने वाहणारे तांबडे पाणी. एका रिकाम्या सरळ पट्ट्यावर मागेपुढे कोणी नाही पाहून मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. हा एक क्षण माझ्यासाठी पाचही टायरांच्या किमतीचा होता. वर सुर्लच्या पठारावर धुके, गवत आणि वारा. गाडी बंद करून नुसती उभी राहिले.

उणेही सांगते. सत्तरच्या पुढे घूं असा बारीक आवाज येतो, जुन्या टायरला नव्हता. डिझेल थोडे जास्त लागते. आणि बागेतल्या शेवटच्या चढावर तांबडी माती नक्षीत भरून टायर लोण्यासारखे गुळगुळीत झाले. तिथे चिखलाचा टायर नक्की चढला असता. पण तो चढ अर्ध्या किलोमीटरचा. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी खालच्या कातळावर ठेवायची आणि चालत जायचे, असे आम्ही ठरवले आहे.

हवेचा धडाही बागेनेच दिला. कातळावर आणि खडीवर मी हवेचा दाब बत्तीस पीएसआयवरून सव्वीसवर आणते. टायर दगडावर बसतो, हिसके कमी लागतात. पण हवा कमी केली की टायरची बाजू बाहेर फुगते आणि खुंटाच्या अगदी तोंडाशी येते. म्हणून झाडोरा सुरू होतो तिथे थांबून, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपाने पुन्हा बत्तीस करते. डांबरावर कमी हवेने पळवायचे नाही, बाजू तापून आतून फाटते. आणि १.६ मिलिमीटरची खूण दिसेपर्यंत मी थांबणार नाही. कायद्याने तेवढी नक्षी चालते, पण आमच्या पावसात तीनवर आले की बदलणार.

नवे टायर बसवले त्या दिवशी बाबांनी ते बघून फक्त "बरे दिसतात" म्हटले. चोर्ल्याहून परतताना आम्ही बागेकडे वळलो, तर ते झाडोऱ्यापाशी उतरले. डोक्यावर घोंगडी, हातात कोयता. वाटेच्या दोन्ही चाकोऱ्यांच्या कडेचा एकेक खुंट जमिनीलगत सपाट तोडत ते पुढे चालू लागले. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे. थोड्या अंतराने ते वळून हात करायचे, मग मी गाडी पुढे घ्यायची.