आमची वाटचाल : टोकाचं काम

आम्ही यंत्रांच्या आत लागणाऱ्या केबलच्या पट्ट्या आणि त्यांची टोकं बनवतो. त्याची सुरुवात एका काट्यापासून झाली. २००९ ची दिवाळी जवळ आली होती आणि हिंगणघाटच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक जोरात होती. मी तेव्हा वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका परवानाधारक काकांच्या हाताखाली काम शिकत होतो. एका अडत्याकडून बोलावणं आलं की काटा स्थिर राहत नाही. ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा, ५० ग्रॅमचा टप्पा. कट्टा ठेवला की आकडा एकदा वर, एकदा खाली. ज्यांचा माल होता ते आजोबा बाजूला उभे होते. मला म्हणाले, "बाप्पा, याच्यातला कोनता आकडा माह्या समजू मी?"

लोडसेल, म्हणजे काट्यातला वजन जोखणारा भाग, गेला असेल असं काकांना वाटलं. मी डबा उघडला. आत सर्किटच्या दोन पाट्या होत्या आणि त्यांना जोडणारी राखाडी पट्टी केबल, एका कडेला लाल रेघ असलेली. पट्टीच्या टोकाच्या काळ्या कनेक्टरवर बोट दाबलं की आकडा थांबायचा, बोट उचललं की पुन्हा नाचायचा. लोडसेल चांगला होता, पाट्याही चांगल्या होत्या. बिघाड टोकात होता.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. लोडसेलच्या आतल्या रोधांची जोडणी, जिला पूल म्हणतात, साधारण ४०० ओहमची. त्याला वीज पोचवणाऱ्या जोडात फक्त ०.१ ओहमची भर पडली तर ४०० मधला चार हजारावा हिस्सा सरकतो. ३०० किलोवर तो ७५ ग्रॅम होतो, म्हणजे काट्याचा दीड टप्पा. आणि जोड सैल असेल तर ही भर स्थिरही राहत नाही. लोक "लूज कनेक्शन आहे" असं म्हणून हात झटकतात, ते मला त्या दिवसापासून पटत नाही. आजोबांच्या प्रत्येक कट्ट्याचा भाव त्या एका टोकावर अवलंबून होता.

पुढची तीन-चार वर्षं दुरुस्तीतच गेली. समुद्रपूर, वडनेर, जाम चौरस्ता, सगळीकडे एसटीनं फिरायचो. काटे, दूध संकलनातली फॅट मशीन, इन्व्हर्टर, जिनिंगमधले (सरकीपासून कापूस वेगळा करतात ती गिरणी) कंट्रोल पॅनल, जे मिळेल ते. वहीत बिघाडांची नोंद ठेवायचो, आणि पान उलटावं तसं तेच दिसायचं: केबलचं टोक, कीपॅडची शेपटी (बटणांपासून निघणारी पातळ पट्टी), कनेक्टर. नवीन पट्टी नागपूरहून मागवायची तर लांबी जुळायची नाही, लांबी जुळली तर पिनांची संख्या जुळायची नाही. म्हणून २०१३ मध्ये गावातल्या आमच्या घराच्या ओसरीवर मी स्वतः पट्ट्या बनवायला बसलो. पतसंस्थेचं छोटं कर्ज, रिबन केबलचे दोन रोल, कनेक्टरची एक पेटी आणि बाबांचा जुना वाइस, म्हणजे वस्तू जबड्यात आवळणारा शिकंजा.

वाइस हीच पहिली चूक. रिबनमध्ये तारा १.२७ मिलिमीटरवर असतात आणि कनेक्टरच्या पिना २.५४ वर दोन ओळींत, त्यामुळे एक तार वरच्या ओळीला आणि पुढची खालच्या ओळीला जाते. कनेक्टरच्या पोटात प्रत्येक तारेसाठी धातूचा दुपाखी काटा असतो. त्याची फट तारेहून अरुंद असते. वरून दाब आला की काटा आवरण फाडतो, तांब्याच्या बारीक तारा त्या फटीत घट्ट बसतात आणि त्या जागी हवाही शिरत नाही. सोल्डर नको, आवरण सोलायला नको. पण सगळे काटे एकाच वेळी, सरळ खाली बसायला हवेत. वाइसचा जबडा एका बाजूनं आधी टेकायचा. एका टोकाचे काटे वाकायचे, दुसऱ्या टोकाचे अर्धेच शिरायचे. मीटर लावला की सगळं बरोबर दिसायचं, महिनाभरानं तक्रार यायची. मग नागपुरातून जुना हँडप्रेस आणला आणि त्याला खाली-वर सपाट पाट्या बसवून घेतल्या. तेव्हापासून आमचा नियम आहे: एकदा दाबलेला कनेक्टर काढून पुन्हा दाबायचा नाही. चार रुपये वाचवायला गेलं की जोड गेला.

कामाला माणसं लागली तेव्हा मी आयटीआयच्या पोरांकडे गेलो. बरीच पोरं नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यांत जायच्या मनःस्थितीत होती, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. शेवटी आईनं बचत गटातल्या दोन काकूंना आणलं. दोघींचं उभं आयुष्य कापूस वेचण्यात गेलेलं. बोंडाच्या काट्याला हात न लागू देता पाकळीतून कापूस काढणारी ती बोटं अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीवर कशी चालतात ते प्रत्यक्षच बघायला हवं. आज आमच्याकडे अकरा जण आहेत, त्यात नऊ बायका. शेवटची तपासणी करणाऱ्या काकूंनी नाही म्हटलं तर माल जात नाही, मीही मध्ये पडत नाही.

अर्ध्या मिलिमीटरची पट्टी म्हणजे एफएफसी, फ्लॅट फ्लेक्सिबल केबल; अर्धा मिलिमीटर हे तिच्या दोन फितींमधलं अंतर. रिबनमध्ये गोल तारा असतात, हिच्यात कथील चढवलेल्या तांब्याच्या चपट्या फिती पॉलिएस्टरच्या दोन थरांत चिकटवलेल्या. टोकाला एका बाजूचं पॉलिएस्टर काढून फिती उघड्या करतात आणि मागून निळी कडक पट्टी लावतात, म्हणजे टोक कनेक्टरमध्ये न दुमडता शिरतं. त्या टोकाची एकूण जाडी बहुतेक कनेक्टरना ०.३ मिलिमीटर लागते. जास्त झाली तर लॉक बसत नाही. कमी झाली तर लॉक बसतं, हाताला छान वाटतं, आणि आतले संपर्क पुरेसे दाबलेच जात नाहीत. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक खेपेला मायक्रोमीटर फिरतो.

आम्ही रोल आणून टोकं तयार करायचं काम २०१६ मध्ये सुरू केलं आणि पहिल्याच मोठ्या ऑर्डरला आपटलो. पुण्याकडच्या एका ग्राहकाला ४०० पट्ट्या हव्या होत्या. या पट्ट्यांत दोन जाती. दोन्ही टोकांच्या उघड्या फिती एकाच बाजूला असल्या तर ए टाइप, विरुद्ध बाजूंना असल्या तर डी टाइप. ड्रॉइंगमध्ये डी होतं. दुसऱ्या टोकाचं चित्र मागून काढलेलं आहे हे माझ्या लक्षात आलं नाही आणि मी ४०० च्या ४०० ए टाइप केल्या. ग्राहकाकडे त्या कनेक्टरमध्ये गेल्या, लॉकही बसलं. फक्त कनेक्टरच्या आतले संपर्क निळ्या पट्टीवर टेकले होते, फितीवर नाही. पीळ देऊन पाहिला तर बाजू बदलली पण तारांचा क्रमही उलटा झाला. सगळा माल परत आला, दुसऱ्या खेपेचा खर्च आमचा. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीचे कपडे आले नाहीत. बायकोनं त्यातली एक पट्टी भिंतीवर खिळ्याला टांगली, ती अजून तिथेच आहे. नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी तीच हातात देतो.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र कीपॅडच्या शेपटीनं. काट्यावरची बटणं ज्या पातळ पॉलिएस्टरवर असतात, त्यावरच्या वाटा चांदीच्या शाईनं छापलेल्या असतात. तिथे सोल्डर चालत नाही, उष्णतेनं पॉलिएस्टर आकसून जातं. म्हणून दात असलेलं टर्मिनल वापरतात. स्टेपलरची पिन कागद भेदून मागे वळते, तसे ते दात शेपटी भेदून वळतात आणि चांदीला धरतात. हे क्रिम्पिंग आम्ही आता रोज करतो.

तर झालं असं की एका पावसाळ्यात जिनिंगकडचे काटे एकामागून एक येऊ लागले. कुणी हात न लावता टेअरचं बटण दाबल्यासारखं व्हायचं, आकडा शून्यावर जायचा. शेपटी काढून भिंगाखाली धरली तर दोन वाटांच्या मध्ये काळपट, शेवाळासारख्या फांद्या. चांदीचा हा स्वभावच आहे. ओल आणि सतत डीसी व्होल्टेज मिळालं की ती एका वाटेवरून सुटून दुसरीकडे सरकते आणि मध्ये पूल बांधते. आणि ओल धरून ठेवायला जिनिंगमध्ये काय कमी? हवेत उडणारी सरकी-कापसाची रुई डब्याच्या फटीतून आत जाऊन नेमकी त्या कनेक्टरवर बसते, आणि कापसाइतकं दमट हवेतलं पाणी ओढणारं दुसरं काय आहे!

मी उपाय म्हणून हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन टोकावर लावलं. दोन महिन्यांत काटे परत, यावेळी धातू हिरवा पडलेला. काकूंनी नळीचा वास घेऊन विचारलं, "दादा, हे आंबट कायले मारून ऱ्हायलं?" तिथेच उत्तर होतं. ते सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच. ते तांब्याला खातं. मग ॲसिड न सोडणारं, न्यूट्रल जातीचं सिलिकॉन मागवलं. शेपटी छापणाऱ्याकडून चांदीवर कार्बनच्या शाईचा थर घ्यायला लागलो आणि डब्याच्या तोंडाला फोमची पट्टी लावायला दुरुस्तीवाल्यांना सांगू लागलो. त्यानंतर त्या जिनिंगचे काटे त्या कारणानं आले नाहीत.

मधल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बिलांची शिस्त लागायला वर्ष गेलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत काम बंद पडलं, पुढे कनेक्टर मिळेनात, आठवड्यांच्या वायद्याचे महिने झाले. त्या काळात काही ग्राहकांनी सोन्याच्या संपर्काच्या जागी मिळेल ते लावा म्हणून आग्रह धरला. आम्ही नाही म्हणालो. कथिलाच्या टोकाला कथिलाचा संपर्क, सोन्याला सोन्याचा, हे मोडलं की थरथरीत जोड झिजून काळा पडतो. दोन ऑर्डर त्यामुळे गेल्या, मला त्याचं वाईट वाटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून नाशिककडचा माल लवकर पोचतो, तेवढाच फरक.

उन्हाळा ही मात्र दरवर्षीची परीक्षा आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखाली निळ्या पट्टीचा गोंद सैल होतो. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून आम्ही पहाटे साडेपाचला काम सुरू करतो आणि अकराला थांबतो. गरम प्रेस चालू असताना वीज गेली तर त्या वेळी दाबात असलेला माल फेकून देतो, अर्धवट चिकटलेली पट्टी दिसायला पुरी चिकटलेलीच दिसते.

सध्या सौर पंपांच्या कंट्रोलरसाठी पट्ट्या जातात. मधाच्या रंगाच्या पॉलिइमाइडच्या एफपीसीवर, म्हणजे वाकणाऱ्या फिल्मवरच्या सर्किटवर, कनेक्टर बसवायचं कामही घेतो. ती फिल्म ओल पिते, म्हणून सोल्डरच्या आधी ओव्हनमध्ये काही तास भाजून घेतो, नाहीतर थरांत फुगे येतात. तपासणीचा टेस्टर आम्हीच बनवला आहे, प्रत्येक तारेला एक दिवा. काकू पट्टी हलवत हलवत बघतात. एकही दिवा क्षणभर मिचकला तर पट्टी बाजूला.

आणि आम्ही एका नगाचीही ऑर्डर घेतो. काटा दुरुस्त करणारी माणसं यवतमाळ, चंद्रपूर, पार अकोल्याहून एक तुटकी शेपटी घेऊन येतात, कारण एका नगासाठी त्यांना कुणी उभं करत नाही. पाठवायची असेल तर जुनी पट्टी फेकू नका. दोन्ही टोकांचे फोटो एकाच बाजूनं काढा, मग पट्टी उलटी करून पुन्हा दोन्ही टोकांचे. शेजारी फुटपट्टी ठेवा. काटा कुठल्या हवेत चालतो तेही लिहा, जिनिंग, डेअरी की किराणा दुकान.